गार्ड काढलेला ग्राइंडर

आमच्या गावात लोखंड कापायचा ग्राइंडर कसा चालवायचा हे मला सोडून सगळ्यांना कळतं. गेटची ऑर्डर द्यायला आलेल्या माणसाला कळतं, दुकानापुढून म्हशी हाकत जाणाऱ्याला कळतं, शेजारच्या रसवंतीवाल्याला तर जरा जास्तच कळतं. गेली सहा वर्षं मी रोज ते मशीन हातात घेते. तरी माझ्या पाठीमागं उभं राहून "आसं न्हाई, आसं धरा" म्हणणाऱ्यांची रांग काही हटत नाही. त्या रांगेत सगळ्यांत पुढं कोण, तर माझे थोरले दीर. त्यांच्यापायी मी जेवढे दातओठ खाल्ले, तेवढे सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून खायला लावले नसतील.

माझं माहेर वाईचं. वडील शाळेत कारकून. घरात साधी खुंटी ठोकायची तरी सुताराला बोलावणारी माणसं आम्ही. लग्न होऊन मी इस्लामपूरजवळच्या ह्या गावात आले. ह्यांचं रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान. गेट, खिडक्यांचे ग्रील, पत्र्याच्या शेड, टाकीचे स्टँड, काय सांगाल ते. पंधरा वर्षं मी त्या दुकानात फक्त दुपारचा डबा घेऊन जायची, आणि ठिणग्या उडत असल्या की लांबूनच हाक मारायची. मग एका जड गेटानं ह्यांच्या पाठीचा मणका सरकवला. डॉक्टरांनी वाकायला आणि वजन उचलायला कायमची बंदी घातली. स्टुलावर बसून वेल्डिंग जमायचं, पण लोखंड कापायचं, घासायचं काम पाठ ताठ ठेवून होत नाही. दोन कामगार होते. एकाला पुण्याकडं कंपनीत नोकरी लागली, दुसरा सांगलीला मेहुण्याच्या दुकानात गेला. नवा माणूस यायचा, आठ दिवस टिकायचा, नववा दिवस उजाडला की त्याचा फोन बंद.

"मी कापते," एक दिवस मी म्हटलं.

हे हसले. मी तिथंच उभी राहिले. मग हे हसायचे थांबले.

पहिले पंधरा दिवस ह्यांनी मला मशीन चालूच करू दिलं नाही. नुसतं धरायचं. एक हात मागं बटणापाशी, एक बाजूच्या दांड्यावर. व्हील, म्हणजे कापायची चकती, काढायचं, पुन्हा बसवायचं, व्हीलवरचं ते अर्धगोल पत्र्याचं झाकण, ज्याला गार्ड म्हणतात, ते आपल्या बाजूला फिरवून घट्ट करायचं. आणि प्रत्येक वेळी पाना हातात घेतला की स्टुलावरून आवाज यायचा, "प्लग?"

"काढलाय."

"बघून सांग."

"आवं, मीच काढलाय की आत्ता."

"बघून सांग म्हटलं."

मी मान वळवून बोर्डाकडं बघायची आणि दात आवळून म्हणायची, "काढलाय." दिवसातून वीस वेळा. मला वाटायचं, मशीन ह्यांच्याच अंगावर टाकावं आणि घरी जाऊन भाकरी थापाव्यात.

एकेक गोष्ट ह्यांनी अशीच कुटून कुटून डोक्यात घातली. व्हीलच्या अगदी रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं. मशीन पूर्ण वेग घेईपर्यंत लोखंडाला टेकवायचं नाही, आणि टेकवलं की दाबायचं नाही, ते आपल्या जिवानं कापतं. कापायच्या पातळ व्हीलनं घासायचं नाही. बटण लॉक करून मोकळं व्हायचं नाही. बंद केलं तरी व्हील फिरायचं थांबल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. रोज सकाळी व्हील उजेडात धरून त्याची कड बघायची, कुठं टवका गेलाय का, चीर आहे का. आणि टाकून द्यायचं व्हील आधी हातोड्यानं मोडायचं, मगच भंगाराच्या डब्यात टाकायचं. "आख्खं टाकलं की कुणीतरी उचलतंय," हे म्हणायचे. मला ते फार म्हणजे फारच वाटायचं. भंगारातलं व्हील कोण कशाला उचलेल?

कपड्यांवरून तर घरात महाभारत झालं. पहिल्या दिवशी मी साडीवरच काम केलं, पदर खोचून. संध्याकाळी निऱ्यांना अकरा भोकं पडलेली. नशीब, साडी सुती होती; नायलॉनची असती तर पेटली असती. दुसऱ्या दिवशी मी ह्यांची जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, पायात बूट, डोळ्यांवर गॉगल, कानांत बोळे, केस घट्ट बांधून त्यावर फडकं. बांगड्या काढून ठेवल्या आणि मंगळसूत्र शर्टाच्या आत सारून वरचं बटण लावलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्या दारात बसलेल्या. त्यांनी मला खालून वर बघितलं.

"बांगड्या कुठं हायत्या?"

"काढल्यात. मशीनमध्ये अडकल्या तर हात जाईल."

"नवरा जित्ता हाय माझ्या पोरीचा," त्या आभाळाकडं बघून म्हणाल्या. मी त्यांची पोरगी असते ती फक्त असल्या वेळी.

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी बोलल्या ते, "पँटीचं ढुंगण फाटलंय, शिवून घे," एवढंच. पण बोलल्या.

गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळी. "मालक कुठायत?" असं मलाच विचारायचे, हातात चालू मशीन असलेल्या मलाच, आणि तेही जवळ येऊन, ठिणग्यांच्या वाटेत उभं राहून. मी मशीन बंद करायची, ते थांबायची वाट बघायची, गॉगल वर करायची आणि सांगायची. तेवढ्या वेळात माणूस वैतागलेला असायचा. जणू मीच त्याचा खोळंबा केला.

हे सगळं अंगवळणी पडलं. हात बसला. आणि बरोबर तेव्हाच थोरले भाऊजी फौजेतून रिटायर होऊन घरी आले.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, हवालदार म्हणून उतरले. ह्यांना दुकान टाकायला त्यांनीच बळ दिलं होतं. जाऊबाई मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला राहतात, त्यामुळं भाऊजी घरात एकटेच आणि रिकामे. पहाटे पाचला उठणार, पळून येणार, अंगणातले चपलांचे जोड ओळीत लावणार, आणि नऊ वाजता दुकानात हजर. त्यांना काम हवं होतं. मला मात्र ते नको होते.

त्यात आमच्यातली रीत अशी, की थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही. भाऊजी भिंतीशी बोलायचे. "ह्या गार्डापायी कापताना रेघ दिसत न्हाई," असं भिंतीला सांगायचे. मी ह्यांना म्हणायची, "सांगा, रेघ बाजूनंबी दिसती." हे मध्ये स्टुलावर बसून वेल्डिंगचा रॉड चाचपत राहायचे. भावाला बोलायची ह्यांची छाती नव्हती.

आणि मग एका सकाळी मी मशीन उचललं तर गार्ड गायब. बाजूचा दांडाही काढून ठेवलेला.

"लय अवघड करून ठिवलंवतं," भाऊजी भिंतीला म्हणाले. "आता कसं हलकं झालंय. एका हातानं चालतंय."

मी गार्ड शोधला, बसवला, दांडा पिळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. मी पुन्हा बसवला. तिसऱ्या दिवशी गार्ड जागेवर होता आणि तो घट्ट करायचा स्क्रूच नव्हता. महिनाभर हे चाललं. मी बसवायचा, त्यांनी काढायचा. मी कपाटात कुलूप लावून ठेवलं, तर "घरातल्या माणसांवर इश्वास न्हाई" म्हणून आत्यांकडं तक्रार गेली. डोळ्यांना ते काळा गॉगल लावायचे, फिरायला जाताना लावतात तो. पायात चप्पल. मी ह्यांना वैतागून म्हटलं, "तुमी मला बघून सांग, बघून सांग म्हणून जीव नकोसा केलात. आता तोंडात काय मिठाची गुळणी धरलीया?"

"दादा हाय गं," हे म्हणाले. बस्स.

शेवटी मीच रीत मोडली. पदर डोक्यावर घ्यायला नव्हता, अंगात शर्ट होता, तरी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "भाऊजी, एक विचारते. फौजेत बंदूक रिकामी असली तरी तुमी कुणाच्या दिशेनं धरायचा का?"

ते गोंधळले. भिंत माझ्या पाठीमागं गेली होती. "न्हाई. कवाच न्हाई," ते म्हणाले.

"मग ह्याचं बी तसंच हाय."

ते मोठ्यानं हसले. "बंदूक बंदूक हाय. हे काय, मिक्सरच की!"

मी बाजूला जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर शेतात नवा गोठा बांधायचं ठरलं. चार म्हशी आणि दोन वासरं पावसात भिजत होती. भाऊजींनी जाहीर केलं, की गोठ्याचं सगळं लोखंडी काम ते स्वतः करणार. खरं सांगते, मला बरंच वाटलं. दुकानातून माणूस जाईल, चार दिवस शांतता. दुकानात दोन ग्राइंडर होते. जुना त्यांना न्यायला ह्यांनी हो म्हटलं आणि मीही नाही म्हटलं नाही. गार्ड मी स्वतः बसवून दिला. दोन नवी व्हीलं दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी आणि आत्या भाकरी घेऊन शेतात गेलो. लांबूनच मशीनचा आवाज येत होता. आवाजावरूनच मला कळलं की मशीन दाबलं जातंय. ओझ्याखाली आल्यावर त्याचा सूर खाली येतो. मी पावलं उचलली.

भाऊजी उकिडवे बसले होते. दोन दगडांवर दोन टोकं टेकवून लोखंडी पाइप आडवा ठेवलेला, आणि ते त्याला बरोबर मधोमध कापत होते. असा पाइप कापत आला की मधेच खचतो, फट मिटते आणि व्हील चिमटीत सापडतं. कापलेला तुकडा मोकळा खाली पडेल असा आधार द्यायचा असतो, हे ह्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. डाव्या हातानं त्यांनी पाइप धरलेला. उजव्या हातात मशीन. गार्ड नाही. दांडा नाही. वायर विहिरीच्या मोटारीच्या पेटीपासून ओढलेली, मधे चिकटपट्टीचे दोन जोड, आणि ती वायर म्हशींच्या पाण्याच्या चिखलातून आलेली. वैरणीची गंजी पाच-सहा पावलांवर, आणि ठिणग्यांचा झोत तिच्याकडंच. काय काय म्हणून ओरडायचं, मला कळेना.

आणि आत्या? त्या माझ्यापुढं चालत जाऊन थेट मशीनच्या समोर उभ्या राहिल्या. थोरला लेक काम करतोय, त्या कौतुकानं बघत होत्या.

मी भाकरीचं टोपलं खाली टाकलं, त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाजूला ओढलं. जोरात ओढलं.

"आगं, मेलीस का काय!" त्या कडाडल्या.

त्यांचं वाक्य संपायच्या आत पाइप खचला. फटाका फुटावा तसा आवाज झाला. व्हील फुटलं होतं. एक तुकडा भाऊजींचा गाल कानापर्यंत चिरत गेला. मशीन उसळून त्यांच्या डाव्या हातावर आलं, मनगटाच्या वर, आणि मग हातातून सुटून जमिनीवर पडलं. पण बंद झालं नाही. त्यांनी बटण लॉक केलेलं. अर्धं व्हील अजून मशीनला होतं, आणि ते मशीन चवताळल्यासारखं जमिनीवर उड्या मारत, वायर ओढत, गोल फिरत होतं. भाऊजी हात धरून बसलेले, रक्त बोटांमधून गळतंय, आणि मशीन त्यांच्या पायापाशी.

आत्या लेकाकडं धावल्या.

"आत्या, जागच्या हलू नका!" मी ओरडले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण कधी त्यांच्याशी एवढ्या वरच्या आवाजात बोलले नव्हते. त्या खिळल्या.

माझाही पाय त्यांच्याकडंच निघाला होता. रक्त दिसलं की माणूस रक्ताकडं धावतो. पण मी उलट्या दिशेला पळाले. मोटारीची पेटी वीसेक पावलांवर होती. पळताना मागून आत्यांचा आवाज, "आगं कुठं चाललीस, पोरगं मरतंय माझं!" पेटीपाशी पोहोचले, लाकडी काठीनं स्विच खाली पाडला, मग प्लग उपसला. मागं वळून बघितलं तर मशीन अजून घरघरत होतं, मग हळूहळू गप्प झालं. तेव्हा कुठं मी त्यांच्याकडं आले.

भाकरी बांधलेलं धुतलेलं फडकं सोडवलं, घडी करून हातावर घट्ट दाबलं, आणि त्यांचा हात वर धरायला लावला. "दाबून धरा. सोडू नका. फौजेत शिकवलंय न्हवं?" भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडलेला. आत्यांनी स्वतःचा पदर फाडून गालाला लावला. शेजारच्या रानातला माणूस पिकअप घेऊन आला आणि आम्ही इस्लामपूरला गेलो. तिथं पट्टी करून त्यांनी सांगलीला पाठवलं, कारण हाताच्या दोन शिरा तुटल्या होत्या. शिरा म्हणजे बोटं हलवणाऱ्या दोऱ्या, असं डॉक्टरांनी समजावलं. ऑपरेशन झालं. गालाला सतरा टाके पडले. तुकडा दोन बोटं वर गेला असता तर डोळा गेला असता, आणि आत्या जिथं उभ्या होत्या तिथून मागच्या खांबात व्हीलचा दुसरा तुकडा रुतलेला आम्हाला नंतर सापडला.

शेतातून ते फुटकं मशीन आणायला हे दुसऱ्या दिवशी गेले. परत आले ते व्हीलचा मधला भाग हातात घेऊन. माझ्यापुढं धरला. मी तो उजेडात धरून बघितला. मी दिलेली दोन नवी व्हीलं नव्हती ती. ते मी आठवड्यापूर्वी टाकून दिलेलं व्हील होतं, कडेला टवका गेलेलं. त्यावर मी खडूनं फुली मारली होती, ती मधल्या भागावर अजून दिसत होती. नवी संपल्यावर भाऊजींनी दुकानातल्या भंगाराच्या डब्यातून ते उचललं होतं. आख्खंच होतं ना. मी मोडलंच नव्हतं. त्या दिवशी घाई होती, आणि नुसती फुली मारून मी डब्यात टाकलं होतं.

"ह्ये माझ्यामुळं झालं," मी म्हटलं.

ह्यांनी डबा ओढून पुढं घेतला. त्यात अजून तीन टाकलेली व्हीलं होती, आख्खी. माझीच. त्यांनी एकेक काढून माझ्यापुढं ठेवलं आणि हातोडा दिला. मी एकेक मोडलं. ह्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

चार दिवसांनी आम्ही सांगलीच्या दवाखान्यात होतो. कोरेगावच्या नणंदबाई भावाला भेटायला आलेल्या. भाऊजी पलंगावर बसून, हाताला पट्ट्या, गालाला पट्ट्या, तोंड अर्धंच उघडतंय. आणि त्या अर्ध्या तोंडानं ते बहिणीला सांगत होते, "मशीनच खराब हुतं. काय तरी बिघडलंवतं त्यात."

नणंदबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बायामाणसाच्या हातात दिलं की आसंच हुतंय. मी म्हटलंवतं तवाच."

तोंडावर आलेलं सगळं गिळून मी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या रिक्षा मोजत बसले. चूक माझी होती, ते मला माहीत होतं. पण माझी चूक म्हणजे मशीन माझ्या हातात आहे ही नव्हती. हे कुणाला कसं सांगायचं?

तेवढ्यात आत्या बोलल्या. कोपऱ्यात लिंबू कापत बसल्या होत्या, वर बघितलंच नाही त्यांनी. "गप रं. मशीनला काय धाड भरलीवती? चकती हिनं टाकलेली, तू उचलून आणलीस. झाकण हिनं बसवलेलं, तू काढलंस. आन् ही मला वडली नसती, तर आज तू माझ्या तेराव्याला बसला असतास."

नणंदबाईंनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि उगाच दुसऱ्या पिशवीत ठेवला.

"आत्या," मी म्हटलं, "पण ती चकती मी मोडून टाकायला हवी होती. तेवढं माझं चुकलं." भाऊजींकडं बघूनच म्हटलं.

भाऊजींनी मान वर केली. मग पहिल्यांदाच आपणहून, भिंतीला नाही, छताला नाही, मला म्हणाले, "तू टाकलीवतीस. उचलली मी." ही एवढीच त्यांची माफी. तेव्हापासून ते माझ्याशी थेट बोलायला लागले, हे मात्र खरं. आता वाटतं, भिंतच बरी होती.

गोठा मीच पुरा केला. पंधरा दिवस शेतात जाऊन, वायर नवी घेऊन, वैरणीची गंजी बाजूला हलवून. आत्या रोज यायच्या आणि लांब, बांधावर बसायच्या. कुणी जवळ आलं की ओरडायच्या, "समूर उबं ऱ्हाऊ नगा, मागं व्हा!" म्हशी आता कोरड्या असतात.

भाऊजींचा हात बरा झाला, पण दोन बोटं पुरती सरळ होत नाहीत. मला वाटलं, आता ते दुकानात पाऊल टाकणार नाहीत. दोन महिन्यांनी एक दिवस सकाळी नऊला आले. प्लॅस्टिकची खुर्ची दारात टाकली. मशीनला हात लावला नाही. नुसते बसले आणि बघत राहिले. मी गॉगल लावून सुरुवात केली. थोड्या वेळानं घाम आला म्हणून क्षणभर गॉगल कपाळावर सरकवला. मशीन बंदच होतं.

"गॉगल!"

मी दचकले. असा आवाज परेडच्या मैदानावरच निघत असेल.

त्या दिवसापासून माझी रोज तपासणी होते. व्हील उजेडात धरून मी बघते, मग ते बघतात. वायर मी बोटांनी चाचपते, मग ते चाचपतात. "बूट?" "बटण?" "त्या डिझेलच्या कॅनचं काय करायचं? हलीव." मी एखादा वितभर तुकडा कापायचा म्हणून वायसच्या जबड्यात न पकडता हातात धरला, तर खुर्ची मागं पडेल इतक्या जोरात उठतात. मी म्हणते, "भाऊजी, मला सहा वर्षं झाली." ते म्हणतात, "मला एकच मिनिट लागलं." त्याची जास्तच चीड येते. हे स्टुलावर बसून गालातल्या गालात हसतात. मी एकदा ह्यांना म्हटलं, "आधी गार्ड काढणारा होता, तवा बरं होतं. निदान त्यो गेल्यावर गार्ड बसवता यायचा. ह्यांना कुठं बसवू?"

भिंतीवर त्यांनी नियम लिहिलेत, पांढऱ्या ऑइलपेंटनं, मोठ्या अक्षरात. माझ्या सगळ्या गोष्टी, ह्यांच्या सगळ्या गोष्टी, आणि खाली स्वतःच्या दोन. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी खुर्चीमागं उभं करतात, नियम वाचायला लावतात, मग काय काम आहे ते विचारतात. दोन गिऱ्हाइकं त्यामुळं निघून गेली.

गेल्या महिन्यात बाजारपेठेतला एक वेल्डिंगवाला मला भेटायला आला. आमच्याच धंद्यातला माणूस, ह्यांचा जुना ओळखीचा. दुकानाच्या बाहेरच उभा राहिला, खुर्ची रिकामी आहे ना ते आधी बघितलं.

"वहिनी, एक इनंती हाय. तुमच्या भाऊजींना जरा आवरा."

"काय केलं आता?"

"रोज दुपारी स्कूटरवर येत्यात. माझ्या दुकानात येऊन बसत्यात. माझा माणूस गार्ड काढून काम करतो, तर त्येला काम करू देत न्हाईत. गालावरचा वण दाखिवत्यात. बोटं दाखिवत्यात. परवा तर मशीनच मांडीवर घिऊन बसले, गार्ड आणल्याबिगर देत न्हाई म्हणाले."

मी कपाळावरचा घाम पुसला. "मी आवरून बघितलंय दादा," मी म्हटलं. "न्हाई आवरत."

तो हताशपणे जायला वळला.

"मग गार्ड आणला का?" मी विचारलं.

"आणला की," तो चिडून म्हणाला. "काय करणार? त्येंनी मशीनच सोडंना."